पगाराच्या चिठ्ठीवर नाव कुणाचं?

मागच्या महिन्यात याच पानावर लिहिलं होतं की प्राणिसंग्रहालयातल्या नोकरीबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा, आणि इतकी पत्रं आणि मेसेज आले की दोन रात्री वाचतच बसले. नवीन वाचकांसाठी सांगते, मी २२ वर्षं एका प्राणिसंग्रहालयाच्या ऑफिसात मस्टर आणि पगारबिलं सांभाळली. वाघाला मी कधी खायला घातलं नाही, पण घालणाऱ्या प्रत्येक माणसाच्या हातात महिन्याला किती पडतं ते मला तोंडपाठ होतं. नावं कुणाचीच छापत नाहीये, फक्त भाग लिहिलाय.

ताई, मुलगा बीएस्सी झूलॉजी झाला. गोरेवाडा घरापासून जवळ. कुणी म्हणतं महाराजबागेत बघ, कुणी म्हणतं गोरेवाड्यात, मित्र म्हणतात पुण्या-मुंबईला जा, तिकडे पगार डबल. एक ओळखीचा ठेकेदार कीपर म्हणून लावून देतो म्हणतो. कुठं चांगलं ते सरळ सांगा. (काटोल रोड, नागपूर)

भाऊ, सरळच सांगते, पण आधी प्रश्न थोडा बदलून घ्या. तुम्ही विचारता कोणतं झू चांगलं. नोकरी देतो मालक, आणि झूचा मालक प्रत्येक ठिकाणी वेगळा आहे. आपली महाराजबाग अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची, नागपूरचं कृषी महाविद्यालय ती चालवतं. गोरेवाडा राज्याच्या वनविकास महामंडळाकडे. पुण्याचं कात्रज पुणे महापालिकेचं, मुंबईची राणीची बाग मुंबई महापालिकेची. म्हणजे विद्यापीठ, महामंडळ आणि दोन महापालिका, या सगळ्यांचे सेवानियम वेगळे, भरतीची जाहिरात वेगळी, बढतीची शिडी वेगळी. दिल्लीचं केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण म्हणजे सीझेडए या सगळ्यांना मान्यता देतं आणि तपासणीही करतं, पण तुमच्या मुलाचा पगार ते ठरवत नाही, तो मालकच ठरवतो.

आता आकड्यांवर येते. राज्याच्या सातव्या वेतन आयोगात सगळ्यात खालची पायरी एस-१, म्हणजे मूळ पगार १५,००० पासून ४७,६०० पर्यंत. त्यावर महागाई भत्ता, घरभाडं, प्रवास भत्ता. अंदाज यावा म्हणून सांगते, वनखात्यातला वनरक्षक एस-७ मध्ये येतो, २१,७०० ते ६९,१००. घरभाडं शहराच्या वर्गावर ठरतं, मुंबई-पुणे एक्स वर्गात आणि नागपूर वाय वर्गात, म्हणून तिकडे हातात थोडं जास्त येतं, पण खोलीचं भाडं दिल्यावर ते जास्त राहतं का हा हिशोब तुम्हीच घरी बसून करा. आणि हे सगळं कायम पदावर असलेल्या माणसाचं झालं. ठेकेदारामार्फत लागलेल्या पोराला वेतनश्रेणी नाही, त्याला मिळतं किमान वेतन, हजर दिवसांच्या हिशोबाने, आणि मग नागपूर काय नि मुंबई काय, "डबल" कुठेच नसतं.

आमच्याकडे एकाच बिबट्याच्या पिंजऱ्यावर दोन जण होते, एक कायम, एक ठेकेदाराचा. सकाळी दोघं सोबतच यायचे, एक बिबट्याला आतल्या खोलीत घ्यायचा, दुसरा बाहेरचं धुवायचा, आणि सरकतं दार पडलं की कुलूप लागल्याचं दोघं एकमेकांना ओरडून सांगायचे कारण चूक झाली तर बिबट्या काही विचारणार नाही की तू कायम का रोजंदार. महिन्याच्या शेवटी बिलं लावताना कायमवाल्याचा आकडा दुसऱ्याच्या तिपटीच्या वर जायचा. ही बिलं मी माझ्या हाताने वर्षानुवर्षं लावली आणि मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये पंजाब सरकार विरुद्ध जगजित सिंग या केसमध्ये सांगितलंय की काम सारखं असेल तर तात्पुरत्या माणसालाही त्या वेतनश्रेणीतला सुरुवातीचा पगार तरी मिळालाच पाहिजे. पण ते सरकारने थेट लावलेल्या लोकांबद्दल, मधे ठेकेदार आला की भांडण फार अवघड होऊन जातं.

म्हणून ठेकेदाराला होकार द्यायच्या आधी त्याच्याकडून लिहून घ्या की पदाचं नाव काय लावणार, कीपर की मजूर, कारण पुढे अनुभवाचा दाखला त्याच नावाने निघतो आणि "मजूर" लिहिलेल्या दाखल्यावर कीपरच्या जाहिरातीत कुणी उभं करत नाही. पीएफ कोणत्या महिन्यापासून भरणार तेही विचारा. ठेका किती महिन्यांचा आणि ठेकेदार बदलला तर जुनी माणसं तशीच ठेवतात का, हे त्याला विचारू नका, तिथल्या जुन्या कामगाराला चहाच्या टपरीवर विचारा, खरं तिथेच कळतं. पीएफ यूएएन नंबरसोबत, म्हणजे कामगाराच्या कायमच्या पीएफ नंबरसोबत, पुढे चालत राहतो, पण ग्रॅच्युइटीच्या वेळी दर नवा ठेकेदार म्हणतो हा माणूस माझ्याकडे कालच आला.

आणि एक फार कामाची गोष्ट, जी कुणी वापरत नाही. माहिती अधिकार कायदा २००५, कलम ४, त्यात लिहिलंय की प्रत्येक सरकारी कार्यालयाने आपल्या अधिकारी-कर्मचाऱ्यांचा महिन्याचा पगार स्वतःहून जाहीर करायचा. विद्यापीठ, महामंडळ, महापालिका सगळे त्यात येतात. नसेल जाहीर केला तर १० रुपयांच्या अर्जावर मागा, सोबत हेही मागा की कीपरची मंजूर पदं किती, भरलेली किती आणि ठेक्यावर किती. तीन ठिकाणांची ही तीन उत्तरं शेजारी ठेवा, मग मला विचारायची गरज राहणार नाही. जामनगरच्या वनतारासारखं खाजगी ठिकाण असेल तर हा अर्ज चालत नाही, तिथे जे काही ठरेल ते नेमणूकपत्रात वाचूनच सही करायची.

माझं स्वतःचं मत विचाराल तर मुलगा बीएस्सी आहे, त्याने एमएस्सी करावी. बायोलॉजिस्ट, एज्युकेशन ऑफिसर ही पदं सीझेडएच्या नियमांमुळे झूंना ठेवावी लागतात, पदं थोडी आहेत, पण तिथपर्यंत त्याचं शिक्षण त्याला नेऊ शकतं. तोवर ठेक्यावर काम करायचंच असेल तर करू द्या, जनावराजवळ काढलेलं वर्ष वाया जात नाही, फक्त पदाच्या नावावर आणि पीएफवर तडजोड नको.

माझी पोट्टी सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे, वाइल्डलाइफ करायचं म्हणते. घरचे म्हणतात वाघा-बिबट्यात पोरीचं काय काम. बायकांना घेतात का, पगारात फरक करतात का, रात्री-बेरात्री बोलावतात का? (प्रतापनगर, नागपूर)

काकू, तुमची मुलगी योग्य गावात शिकतेय. हे कॉलेज १९५८ चं आहे, पशुविज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय नागपुरातच, गोरेवाड्याचं रेस्क्यू सेंटर शहराला लागून आणि वनखात्याचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर तर तिच्या कॉलेजच्याच भागात. जखमी बिबट्या, घुबड, माकड बघायला तिला दूर जावंच लागत नाही. इंटर्नशिपच्या वर्षात तिने जितके दिवस तिथे काढता येतील तितके काढावेत.

ताकदीचं म्हणाल तर वाघाला बेशुद्ध करायला मनगटाचा जोर लागत नाही, लागतं ते डोसचं गणित. आपल्याकडे झायलाझिन आणि केटामिन एकत्र करून देतात, वजन डोळ्यांनी अंदाजायचं असतं कारण वाघाला काट्यावर कुणी उभं करत नाही, अंदाज कमी पडला तर तो अर्धवट झोपतो आणि जास्त झाला तर श्वास थांबू शकतो. मग तो झोपलेला असताना ताप मोजत राहायचा, नागपूरच्या उन्हात तर अंगावर पाणी टाकत राहायचं. हे मी आमच्या डॉक्टर मॅडमना करताना पाहिलंय, हातात घड्याळ, नजर बरगड्यांवर, आणि आजूबाजूच्या दहा पुरुषांपैकी एकाचीही बोलायची हिंमत नव्हती.

पगारात बाई-पुरुष फरक कायद्याने करता येत नाही. सरकारी पशुधन विकास अधिकारी गट-अ एस-२० मध्ये असतो, मूळ पगार ५६,१०० पासून, आणि राज्याच्या भरतीत महिलांना ३० टक्के समांतर, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतच, आरक्षण आहे. पण झूमध्ये डॉक्टरचं पद एक किंवा दोन, ते बरेचदा प्रतिनियुक्तीने, म्हणजे दुसऱ्या खात्यातला माणूस काही काळ आणून भरतात नाहीतर ठोक मानधनावर, आणि मानधनावर लागली तर रजा, भत्ता, पेन्शन सगळंच वेगळं. म्हणजे इथेही पहिला प्रश्न तोच, मालक कोण. रात्री बोलावतात, हो. बिबट्या विहिरीत पडायची वेळ सांगून पडत नाही. पण बोलावणाऱ्याने गाडी पाठवायची आणि सोबत माणूस द्यायचा, हे तिने रुजू होतानाच बोलून घ्यावं.

मला खरी काळजी डॉक्टर झालेल्या मुलींची नाही, त्या आपलं बोलून घेतात. माझा जीव तुटतो तो खालच्या पायरीवरच्या बायकांसाठी. आम्ही होतो तिथे एक बाई १४ वर्षं माकडांची फळं कापायची, ताटं लावायची, आजारी पिल्लाला बाटलीने दूध पाजायची, तिच्या चपलेचा आवाज आला की सगळा पिंजरा जाळीला यायचा. कागदावर ती "किचन मजूर" होती. तिच्या शेजारी तेच काम करणारा पुरुष "सहायक कीपर" आणि त्याचा दर वेगळा. मी दोनदा टिपण लिहून वर पाठवलं, दोन्हीदा फाईल परत आली, शेरा असा की महिला कीपरची सोय नाही. सोय म्हणजे काय तर पिंजऱ्यांच्या मागे बायकांसाठी संडास नव्हता आणि कपडे बदलायला खोली नव्हती, त्या खुराकाच्या गोदामात पोती आडवी लावून बदलायच्या. गमबूट सगळे आठ-नऊ नंबरचे. एक संडास, एक खोली आणि सहा नंबरचे गमबूट, एवढ्यावर एका बाईचं पद अडलं.

म्हणून तुमच्या मुलीला सांगा की कुठेही मुलाखतीला गेली तर साहेबाची केबिन बघून परत येऊ नको, पिंजऱ्यांच्या मागची बाजू दाखवा म्हणावं. तिथे बायका कोणती कामं करतायत, संडासाला कडी आहे का, हे बघावं. दहा किंवा त्याहून जास्त कामगार असले की लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती लागतेच, २०१३ चा कायदा आहे, त्यात ठेक्यावरच्या बायकाही येतात, समितीच्या नावांचा बोर्ड लागलाय का ते बघावं. आणि एक दिवस ती स्वतः अधिकारी होईल तेव्हा त्या गमबुटांची मागणी पहिल्या आठवड्यात लिहावी, एवढं माझ्याकडून सांगा.

ठेकेदार पगारातून पीएफ कापतो पण मोबाईलवर काहीच दिसत नाही. विचारलं तर म्हणतो भरतो भरतो. (नाव-गाव छापू नका)

दादा, थांबू नका. उमंग ॲपवर पासबुक बघा, जितके महिने रिकामे दिसतात त्यांचे स्क्रीनशॉट काढा, पगाराच्या चिठ्ठ्या किंवा बँकेच्या नोंदी सोबत लावा आणि पीएफच्या तक्रार पोर्टलवर टाका. तुमच्या पगारातून १२ टक्के कापले तर मालकाचेही १२ टक्के भरायचे असतात, म्हणजे तुमचं नुकसान कापलं त्याच्या दुप्पट आहे. एक कॉपी झूच्या प्रमुखाच्या नावाने आवक-जावकमध्ये देऊन शिक्का घ्या, कारण ठेकेदाराने पैसे बुडवले तर मुख्य मालकाची जबाबदारी येते, १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात हे होतं आणि नव्या कामगार संहितांमध्येही आहे. एकटं जायची भीती वाटते हे मला कळतं, चार जण मिळून जा.

आमच्याकडची पोरं जंगलात वाढली, ठसा पाहून सांगतात मादी का नर. तरी झूमध्ये लागली तर झाडू नाहीतर गवत कापणं. साहेब सगळे बाहेरचे. आरक्षण आहे म्हणतात, मग असं काऊन? (देवलापार)

भाऊ, या पत्राने मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला. आरक्षण आहे, राज्यात अनुसूचित जमातीला ७ टक्के, पण ते पदाला लागतं. कायम पद भरायचं तर बिंदुनामावली बघावी लागते, कोणत्या बिंदूवर कोणत्या प्रवर्गाचा माणूस हे कागदावर असतं आणि ते तपासलंही जातं. पद भरायचंच नाही, काम ठेक्याने करून घ्यायचं ठरलं की बिंदुनामावली गेली. ठेकेदार त्याच्या ओळखीची माणसं आणतो. म्हणजे ज्या दिवशी पद ठेक्यावर जातं त्याच दिवशी पगाराची श्रेणीही जाते आणि तुमच्या पोरांची जागाही जाते, दोन्ही एकाच सहीने. लोक पगाराचा प्रश्न वेगळा आणि कोणत्या समाजाला किती जागा हा प्रश्न वेगळा मांडतात, मी फायली पाहिल्यात, मला ते कधीच वेगळे दिसले नाहीत.

दुसरं, तुमच्या पोरांकडे जे ज्ञान आहे त्याला सर्टिफिकेट नाही म्हणून ते ज्ञानच नाही असं धरतात. तमिळनाडूत इरुळा लोक पिढ्यान् पिढ्या साप पकडायचे. १९७८ मध्ये चेन्नईजवळ त्यांची सहकारी संस्था झाली, ते साप पकडून विष काढतात आणि सोडून देतात, आणि त्याच विषातून सर्पदंशाचं औषध बनतं. २०२३ मध्ये त्या समाजातल्या वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन या दोघांना पद्मश्री मिळाली. त्यांना कुणी झाडू देऊन गप्प बसवलं नाही, त्यांच्या हातातलं काम हेच पद झालं. आपल्याकडे गोरेवाड्याला गोंडवाना नाव द्या अशी मागणी २०२१ मध्ये आदिवासी संघटनांनी केली होती, ती भावना मी समजू शकते, आणि मला वाटतं त्याच ताकदीने ही मागणीही व्हावी की रेस्क्यू टीममध्ये, ट्रॅकिंगमध्ये, कीपरमध्ये आमची इतकी माणसं पाहिजेत आणि ती पदावर पाहिजेत.

आत्ताच्या आत्ता करण्यासारखं म्हणाल तर वनरक्षकाच्या भरतीवर नजर ठेवा. त्याला बारावी लागते पण अनुसूचित जमातीच्या उमेदवाराला दहावी चालत आलीये, जाहिरात नीट वाचा. धावण्यात तुमची पोरं मागे पडणार नाहीत, लेखीची तयारी सहा महिने आधी सुरू करा.

भाची अमेरिकेत शिकते, म्हणते तिकडच्या झूमध्ये नोकरी करणार. तिकडे तर लाखात पगार असेल ना? (मनीषनगर, नागपूर)

तिकडेही मालक बघावा लागतो. वॉशिंग्टनचं नॅशनल झू स्मिथसोनियनचं, तिथले बरेच कर्मचारी केंद्र सरकारच्या वेतनश्रेणीवर, आणि अशा बहुतेक जागांना नागरिकत्व लागतं. सॅन दिएगो किंवा न्यूयॉर्कचं ब्रॉन्क्स झू या ना-नफा संस्था, त्यांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांचे पगार दरवर्षी टॅक्सच्या फॉर्म ९९० मध्ये छापले जातात आणि कुणीही वाचू शकतं. कॅलिफोर्निया, कोलोराडोसारख्या राज्यांत जाहिरातीतच पगाराची रेंज लिहावी लागते. हे मला फार आवडतं. पण कीपरचा पगार डिग्रीच्या मानाने कमीच, आणि सुरुवातीला बिनपगारी इंटर्नशिप करावी लागते हे कित्येक वर्षं चाललंय, म्हणजे ज्याच्या घरी दोन वर्षं पोसायची ऐपत आहे तोच आत शिरतो. कीपरमध्ये बायका भरपूर आहेत, गोरे नसलेले लोक मात्र कमी, आणि त्याचं एक मोठं कारण हेच.

ब्रॉन्क्स झूचा इतिहास भाचीने वाचावा. १९०६ मध्ये तिथे काँगोमधल्या ओटा बेंगा नावाच्या तरुण माणसाला माकडांच्या घरात लोकांना बघायला ठेवलं होतं. माणसाला. कृष्णवर्णीय धर्मगुरूंनी आवाज उठवला तेव्हा ते थांबलं. झू चालवणाऱ्या संस्थेने याची जाहीर माफी मागितली २०२० मध्ये, म्हणजे ११४ वर्षांनी. ज्या संस्थेने पिंजऱ्याच्या आत कुणाला ठेवलं होतं ती आज पिंजऱ्याबाहेर, पगारावर कुणाला ठेवते, हे विचारायचा भाचीला पूर्ण हक्क आहे, मुलाखतीत विचारू दे.

नवरा रेस्क्यूच्या कामात ठेक्यावर आहे. गोरेवाड्यात बर्ड फ्लूने वाघ गेले तेव्हापासून झोप लागत नाही. त्यांना काही झालं तर आम्हाला कोण बघणार? (दाभा, नागपूर)

ताई, डिसेंबर २०२४ मध्ये गोरेवाड्याच्या केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या गेले, तपासणीत एच५एन१ म्हणजे बर्ड फ्लूचाच विषाणू निघाला, तुमची भीती खोटी नाही. आजारी जनावराजवळ मास्क, हातमोजे, चष्मा, दारात जंतुनाशकाचा ट्रे हे मागायला लाज वाटू द्यायची नाही, आणि रेबीज-धनुर्वाताची इंजेक्शनं झूने स्वतःच्या खर्चाने द्यायला पाहिजेत.

आज संध्याकाळी त्यांच्या पगाराच्या चिठ्ठीवर ईएसआयसीची, म्हणजे कामगार विम्याची, कपात बघा, पगाराच्या पाऊण टक्का असते. पगार २१,००० पर्यंत असेल तर ती असायलाच पाहिजे. ती असेल तर आजारपणात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो, कामावर इजा होऊन कामाला जाता आलं नाही तर ९० टक्के, आणि देव न करो पण कामावर जीव गेला तर बायको-मुलांना दर महिन्याला पेन्शनसारखी रक्कम सुरू होते. त्यासाठी कार्डावर तुमचं आणि मुलांचं नाव चढलेलं पाहिजे, आधारसोबत स्पेलिंग जुळलेलं पाहिजे. नखाचा ओरखडा जरी आला तरी त्याच दिवशी अपघाताच्या रजिस्टरला नोंद करायला लावा, आणि त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून तुमच्याकडे पाठवायला सांगा.